गेला म्हणजे

शुक्रवारी सकाळी मुजावरचा फोन:
"गायधनी, खोत गेला."
एवढंच. मग लाइन तुटली,
किंवा त्यानेच ठेवला.

कणीक परातीत तशीच टाकून मी निघाले.
धूळ उठलेली. फाहाहीलचा समुद्र पुसून टाकलेला,
रिफायनरीची ज्योत तेवढी दिसत होती, फिकट,
दिवसा कुणी बंद करायला विसरलेल्या दिव्यासारखी.

सिग्नलवर हिशेब करत राहिले:
जालिंदर खोत, रोल नंबर सदतीस,
माझ्याहून सात महिन्यांनी लहान. म्हणजे त्रेपन्न.
बीपीची गोळी मीच सुरू करायला लावलेली.
मागच्या महिन्यात मेथीच्या जुड्या निवडताना भेटला,
काहीतरी बोलायचं होतं त्याला,
आणि मी घाईत होते.

मुजावरकडे हेरंब आधीच पोचलेला, मास्क हनुवटीवर.
ठोंबरेने येताना केळी आणलेली, डझनभर,
का, ते त्यालाही सांगता येईना.
कुणी रडत नव्हतं. या वयात आधी
कागदपत्रं आठवतात:
पासपोर्ट कंपनीत असेल का,
वकिलातीत सुट्टीच्या दिवशी कोण उचलेल फोन,
आणि सांगलीत वहिनींना कोण सांगणार.
"गायधनी, तू सांग. तुझ्याशी त्या बोलतात."

मग हळूहळू तो खोलीत यायला लागला.
व्हायवाला मुजावरचा शर्ट घालून गेलेला,
मेसच्या रश्शात बटाटा सापडला की टाळ्या वाजवणारा,
पाच जणांचं "हजर" पाच आवाजांत म्हणणारा.
एकदा सरांनी पुकारलं, "सदतीस,"
आणि हा गप्प.
दुसऱ्यांचे आवाज काढता काढता
स्वतःचा कुठला, तेच विसरला होता.

आम्ही हसलो. जरा जास्तच मोठ्याने.
नसरीन चहा घेऊन दारात थबकली:
"कुठल्या दवाखान्यात ठेवलंय त्यांना?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.
मुजावर म्हणाला, "त्याच्या बिल्डिंगचा हारिस म्हणाला,
खोत खलास."
"आणि?"
"आणि काय? खलास."

तिने ट्रे ठेवला, फोन लावला.
तिचं अरबी भाजीबाजारातलं, पण पक्कं.
दोन मिनिटं नुसती मान हलवत राहिली,
मग आमच्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहावं तसं:
"अहो, माणूस काल रात्रीच्या विमानाने गेला. कायमचा.
घर खलास. भाडं खलास. एवढंच म्हणाला तो."

पंखा फिरत होता.
"मेला असता तरी चाललं असतं," हेरंब म्हणाला
आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

ठोंबरे खाली बघून बोलला:
"नोव्हेंबरपासून पगार नव्हता.
मला माहीत होतं. पोरीची शपथ घातली होती त्याने."

आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत,
येतो म्हणतात.
याने दोन्ही म्हटलं नाही.

दुपारी हारिसकडे गेलो. त्याने टेबलाखालून
पुठ्ठ्यात गुंडाळलेलं काही काढलं,
वर माझं नाव, नुसतं आडनाव, वर्गातल्यासारखं.
आत माझा मिनी ड्राफ्टर.
दुसऱ्या वर्षाच्या सबमिशनला, एका रात्रीपुरता नेलेला.
तीन देश, किती खोल्या, कुठल्या कुठल्या बॅगांच्या तळाशी
हा त्याच्यासोबत फिरला असेल.
स्क्रू अजून ढिला.
समांतर रेघा तेव्हाही समांतर येत नव्हत्या.

चारला त्याचाच फोन आला.
मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी त्याला
"चहा घेता ना?" विचारत होतं.
"मिळाला का गं? स्क्रू तेवढा बदलून घे."
"घेते," मी म्हटलं.
फोन चौघांत फिरला. सगळे त्याला
तिकडच्या उकाड्याबद्दल विचारत राहिले.

सकाळी आपण त्याला मारून बसलो होतो
हे कुणीच सांगितलं नाही.
केळी मात्र सगळी संपली.